२०५१ पर्यंतची हळद

आधीच सांगते, दार मी रंगवलं. नंतर कुणी म्हणायला नको की कल्पिताने लपवलं. निळा ऑइलपेंट, दोन हात, आणि तेही कुणाला न विचारता.

कुठलं दार, ते पण सांगते. ठाण्यातल्या बाळकुमला आमची भातशेती होती तिथे आता सात टॉवर आहेत. जमीन देताना आमच्या पाड्याने बिल्डरकडून एक गोष्ट लिहून घेतलेली. सी विंगच्या तळमजल्यावर एक खोली, गावाच्या जुन्या वस्तूंच्या संग्रहालयासाठी. चौसष्ट वस्तू आहेत आमच्याकडे. मिठागरात मीठ ओढायची लाकडी फावडी, भात मोजायच्या पायल्या, तांब्याचे हंडे, उखळ-मुसळ, आणि मधोमध दगडी जातं. सचिव मी, क्युरेटर मी, केर काढणारी पण मीच. माझ्या सासूबाई, ठमाबाई भोईर, वय अठ्ठ्याहत्तर, यांचं नाव कुठल्याच कागदावर नाही, पण तिथे चालतं त्यांचंच.

करारात एक कलम आहे. राज्याच्या संग्रहालय महासंघाचं सदस्यत्व असेपर्यंत खोली गावाची. ते गेलं की खोली सोसायटीची. आणि सोसायटीचे सेक्रेटरी प्रशांत जगदाळे यांना तिथे जिम करायचीय. ट्रेडमिल कुठे बसेल ते त्यांनी टेप लावून मोजून घेतलं, माझ्यादेखत, जात्यावर पाय ठेवून. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेलेली.

नेमकं तेव्हाच महासंघाला लांबचं दिसायला लागलं. ‘आराखडा २०५०’! प्रत्येक सदस्य संग्रहालयाने पंचवीस वर्षांचं नियोजन द्यायचं, मग समिती येऊन पाहणी करणार, आणि ज्यांच्याकडे नियोजन नाही त्यांचं सदस्यत्व रद्द. त्यासाठी डोंबिवलीला एका सभागृहात कार्यशाळा झाली. ऋतुराज नावाचा एक तरुण सल्लागार होता, गळ्यात माईक, हातात रंगीत चिठ्ठ्या. म्हणाला, “डोळे मिटा आणि २०५० साली तुमचं संग्रहालय कसं दिसतंय ते बघा.” मी डोळे मिटले. पहाटे चारला उठून डबे केलेले, मला काय दिसणार? शेजारच्या बाईंनी कोपराने ढोसलं तेव्हा जाग आली. तोवर एकाने होलोग्राम बघितलेला, एकाने रोबो. माझी पाळी आल्यावर मी पण ठोकून दिलं, “डिजिटल.” टाळ्या पडल्या.

फॉर्म भरताना तर मी कहरच केला. ‘वस्तूंची सुरक्षा?’ लिहिलं: सर्व वस्तू कायम कुलूपबंद, हात लावण्यास सक्त मनाई.

आता खरं काय ते ऐका. आमच्या पाड्यात लग्न निघालं, पोराचं असो की पोरीचं, की हळद दळायला जातं याच खोलीतून जातं. आईची हळद त्यावर दळलेली, आजीची दळलेली, मग आपली कशी नाही दळायची? जात्यासोबत उखळ-मुसळ जातं, हंडे जातात, परात जाते. दोन दिवसांनी धुऊन-पुसून सगळं जागेवर परत येतं. जातं एक आणि लग्नं ढीगभर, म्हणून नंबर लावायला लागतो. मूल झालं की सव्वा महिन्याने त्याची आई खोलीत येते, दाराच्या आतल्या बाजूला खडूने मुलाचं नाव लिहिते. सासूबाई जन्मसालात पंचवीस मिळवतात आणि हळदीचं वर्ष सांगतात. एका वर्षात फार गर्दी झाली तर म्हणतात, “याला पुढचे साली ढकला, शिकू दे जरा.”

असं ते दार. खालपासून वरपर्यंत खडूचं गिचमिड. समिती येणार म्हटल्यावर मला त्याची लाज वाटली. रंगवून टाकलं.

सासूबाईंनी दार बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता माझी खैर नाही. पण त्या काहीच बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी नाहीत, तिसऱ्या दिवशी पण नाहीत. मीच बोलत राहिले. “आई, बुधवारी समिती येतेय. नयनभाऊजींच्या ऐश्वर्याची हळद त्याच दिवशी आहे, माहितेय मला. पण या वेळी खोलीतून चमचा पण बाहेर नाही जायचा. खोली गेली तर सगळंच गेलं. कळलं ना?” गप्प. सासू गप्प म्हणजे सासू कबूल, असं समजणारी बाळकुमात मी एकटीच सून असेन.

बुधवारी अकराला समिती आली. अध्यक्ष महिपतराव सावंत, डोंबिवलीचे, निवृत्त प्राध्यापक, इस्त्रीचा सदरा, बोलणं मोजूनमापून. सोबत तो ऋतुराज. आणि आमंत्रण नसताना प्रशांत जगदाळे, खिशात टेप. मी ऐटीत कुलूप उघडलं, दिवा लावला.

खोलीत काही नव्हतं. म्हणजे काहीच नाही हो! भिंतीवर माझ्या अक्षरातली नावं तेवढी. ‘जातं, अंदाजे शंभर वर्षं जुनं.’ खाली फरशी. ‘तांब्याचा हंडा.’ खाली फरशी. एका कोपऱ्यात पायली उरलेली, तिच्यात कुणीतरी चहाचा कागदी कप टाकलेला.

“वस्तू कुठे आहेत?” महिपतरावांनी विचारलं.

“सर, ही...” माझ्या तोंडून काय निघालं देव जाणे, “ही संकल्पना आहे. रिकामेपण.”

“वॉव,” ऋतुराज म्हणाला आणि फोटो काढायला लागला.

“सरळ बोला बाई,” महिपतराव म्हणाले. “आपण फॉर्ममध्ये ‘कायम कुलूपबंद’ लिहिलं आहे.”

“कुलूप होतंच की, सर. सगळ्यांसमोर उघडलं मी.”

जगदाळ्यांनी टेप बाहेर काढली. तेवढ्यात मागच्या गल्लीत हळदीचा बेंजो वाजायला लागला, आणि त्याच्या वरताण बायकांचे आवाज. खोटं बोलायची माझी ताकद संपलेली. म्हटलं, “चला. दाखवते.”

नयनभाऊजींच्या अंगणात आमचं अख्खं संग्रहालय कामाला लागलेलं होतं. हंड्यात पाणी, परातीत नारळ, मिठाच्या फावड्यांवर मांडव तोललेला. मधे जातं, त्याच्याभोवती पाच बायका, दळतायत, गातायत, आणि पाटावर सासूबाई, नवी नऊवारी, कमरेला माझ्या किल्लीची दुसरी किल्ली.

“आई!” मी ओरडलेच. “सांगितलं होतं ना मी?”

सासूबाई चार दिवसांनी माझ्याशी बोलल्या. “हलद समिती बगून येते का गो?”

महिपतराव पुढे झाले. “आजी, संग्रहालयातल्या वस्तूंना हात लावायचा नसतो. असा नियम आहे.”

“आनि जात्याला हात नाय लावला त मंग तो काय? दगुड. दगुड बगाला तू डोंबिवलीशी आलास, बाबा?”

बायका फिसकन हसल्या. महिपतरावांना बहुतेक तिसरी-चौथीनंतर कुणी ‘तू’ म्हटलेलं नसावं. त्यांनी चष्मा पुसला आणि ठरलेला प्रश्न काढला. “ते असू द्या. आम्ही पुढच्या पंचवीस वर्षांचं नियोजन बघायला आलो आहोत. तुमच्याकडे ते आहे का? एवढंच सांगा.”

“व्हता,” सासूबाई म्हणाल्या. “हिनी रंगवलान.”

सगळ्यांची मान माझ्याकडे वळली. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. कसंबसं सांगितलं मी सगळं. खडू, नावं, निळा रंग. सांगतानाच माझं मला कळलं मी काय केलंय. महासंघ ज्याच्यासाठी आम्हाला डोळे मिटायला लावत होता, ते आमच्या दारावर लिहिलेलं होतं, आणि मी त्यावर ब्रश फिरवलेला. रडूच आलं मला. “गेलं हो सगळं, आई. माझ्यामुळे गेलं.”

“कुठं गेलं? तुला वाचता येतं, म्हनून तुजा गेला. मना नाय येत. माजा हाय.” आणि त्यांनी डोळे मिटले. जात्याची घरघर चालूच होती. “यंदा ऐश्वर्या. फुडचे साली कमलेशचा थोरला नि तुळसाचा धाकटा. अठ्ठावीसला गंगूची दोनी नातवंडा, येकाच मांडवात...”

ऋतुराजने चिठ्ठ्या काढल्या आणि लिहायला लागला. दर नावाला सासूबाई त्याच्या आईचं नाव सांगत, कुठल्या महिन्यात मुहूर्त धरायचा ते सांगत. दोन-तीन जण दिवा गावात राहायला गेलेले, त्यांच्या हळदीला जातं टेंपोने न्यायचं हे पण ठरलेलं. पस्तीस झालं, चाळीस झालं.

“पंचेचालीसला सी विंगमधली अन्विता.”

“कोण अन्विता?” जगदाळे म्हणाले.

“ती काय, प्रीतीची. पोरगी पाच म्हयन्यांची व्हती, तवा घेऊन आलेली. बोलली, आजी, आमचं गाव सातारला राहिलं, इथं आम्हाला कोन हाय, माझ्या पोरीचं नाव घाला.”

प्रीती म्हणजे जगदाळ्यांची बायको. ते काहीतरी बोलायला गेले, पण मुंडावळ्या ओवत बसलेली प्रीती समोरच दिसली. ती म्हणाली, “जिम हवी ना तुम्हाला? मग मुलीची हळद ट्रेडमिलवर दळा.” टेप खिशात गेली.

“येकावनला नयनचे धाकल्या पोराची पोर. गेले म्हयन्यात झाली. झाला,” सासूबाईंनी डोळे उघडले.

“म्हणजे आमच्या आराखड्याच्या पुढे एक वर्ष,” ऋतुराज पुटपुटला.

महिपतरावांनी फॉर्म काढून मला दाखवला. “बाई, हा नववा प्रश्न. ‘२०५० साली तुमच्याकडे कोण येईल?’ नव्वद संग्रहालयांनी उत्तर दिलंय. सगळ्यांनी लिहिलंय ‘तरुण पिढी’. तुम्ही पण.” त्यांनी माझं उत्तर पेनाने खोडलं. “एकानेही नाव लिहिलेलं नाही. ही यादी सोमवारपर्यंत पाठवा. सदस्यत्व राहील. आणि तेवढं ते ‘सक्त मनाई’ काढून टाका.” ते निघाले तेव्हा सासूबाईंनी त्यांच्या दोन्ही गालांना ओली हळद फासली, इस्त्रीच्या सदऱ्यासकट.

तिसऱ्या दिवशी सगळं जागेवर परत आलं. सासूबाईंनी मला दारासमोर उभं केलं आणि हातात खिळा दिला. “खडू नको. कोर. फुडचे सुनंनी रंग मारला तरी दिसला पायजे.”

त्या सांगत गेल्या, मी नव्या निळ्या रंगावर कोरत गेले. हात दुखायला लागला पण बोलायची सोय नव्हती. एकोणतीस संपलं. मी तिसाचं पहिलं नाव घालायला लागले तर म्हणाल्या, “थांब. वरती येक वल सोड.”

“कुणासाठी?”

“समृद्धी.”

माझी मुलगी, तिचा नंबर तिसातलाच. बंगळूरला असते. मागच्या दिवाळीत तिने आम्हा दोघींना बसवून सांगितलं, लग्न करणार नाही, आणि केलंच तर कोर्टात, हळदबिळद काही नको. मी महिनाभर धुसफुसले. सासूबाई तेव्हाही गप्पच होत्या.

“अहो आई, ती नको म्हणालीय ना? मग नाव कशाला?”

“नाव मी कुठं घालाला सांगितला? तिची मर्जी. नाय करील तर नाय. पन कदी दारात आली, नि तिची जागा दुसऱ्याला दिलेली दिसली, तं काय सांगशील तिला?”

मी बोटाने अंतर मोजलं, एक ओळ मोकळी सोडली, आणि तिच्याखाली पुढचं नाव कोरायला घेतलं.