बिनसावलीचे महाराज

सन १८६४, नवतप्याचा, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांतला, पहिला दिवस. नांदगाव खंडेश्वरापासून दोन कोसांवरच्या त्या गावात पार्वताबाईंनी उजाडायच्या आधी अंगणात सडा टाकला, चुलीत कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा जाळ केला आणि ज्वारीचे पीठ मळायला घेतले. त्यांचे यजमान खुशालराव बैलांच्या शिंगांना तेल लावत होते. शिंगांच्या टोकांवर चांदीच्या शेंब्या होत्या. दूर अमेरिकेत लढाई जुंपल्यामुळे विलायतेच्या गिरण्यांना वऱ्हाडाच्या कापसावाचून गत्यंतर उरले नव्हते, आणि त्यापायी खुशालरावांचे बैलसुद्धा श्रीमंत झाले होते. या भरभराटीचे श्रेय गावात कोणी देवीला देई, कोणी नवसाला. अमेरिकेला ते द्यावे, असे कोणाच्या मनात आले नव्हते.

सून जमुना गोठ्याच्या दाराशी बसली होती. आठ दिवसांपासून तिचे अंथरूण गोठ्यात होते. तिची दोन मुले, पहिला मुलगा आणि नंतरची मुलगी, बारशाच्या आतच गेली होती. गावात यायच्या महाराजांच्या आधी पुढे आलेल्या त्यांच्या शिष्याने ते ऐकून मान हलवली होती आणि सांगितले होते, “इस की छाया भारी है. छाया लेकरांना खाते.” तेव्हापासून तिची सावली चुलीवर, पाण्यावर किंवा माणसावर पडू नये, अशी व्यवस्था झाली. आज स्वतः महाराज तिला उन्हात उभे करून तिची परीक्षा पाहणार होते. सावली राहिली तर जमुनेने कायमचे माहेरी जायचे आणि तिच्या नवऱ्याने, सूर्यभानाने, उत्तमरावांच्या मुलीशी दुसरे लग्न करायचे, असे ठरल्यासारखेच होते. सूर्यभान विहिरीशी उभा राहून, बैलांना लागते त्याहून कितीतरी अधिक वेळ पाणी शेंदत होता.

“घे वं, पोटभर खा,” पार्वताबाई म्हणाल्या. “उन्हात उभं राहाचं हाय तुले.”

आवाजात माया होती. भाकरी मात्र त्यांनी काठीने सरकवली.

दुपारी देवळापुढचे पटांगण फुलून गेले. महाराज दगडी ओट्यावर ताठ उभे होते. सर्वांगाला भस्म, डोळे मिटलेले.

“देखो भाई, देखो!” शिष्य ओरडत होता. “पाप हाय म्हणून सावली हाय! महाराजांचं पाप जळालं, आता सावली जळणार! अपनी आँखों से देखो!”

“भुताले बी सावली नसते म्हनतात,” दीपमाळेच्या आडोशाला बसलेले म्हातारे नत्थुजी पुटपुटले.

महाराजांची सावली आखडत गेली. वीतभर, चार बोटे, मग टाचांशी एक काळी रेघ, मग तीही नाही. पटांगणात असा जयजयकार उठला, की देवळावरची पाखरे उडाली. त्या गदारोळात नत्थुजींचा आवाज आला.

“आबे, माही सावली कुठं गेली? सकायपासून जागा धरून बसलो होतो!”

“खाली बसा आजा, महाराज पाप जाळून रायले.”

“जाळा म्हना. पन मले काहून भाजून रायले?”

लोक हसले. वामनराव हसले नाहीत. ते याच गावचे, अमरावतीच्या शाळेत मास्तर होते आणि सुट्टीत घरी आले होते. तेही इतका वेळ महाराजांच्या टाचांकडेच पाहत होते. आता त्यांनी दीपमाळेकडे पाहिले. दोन पुरुष उंचीची दीपमाळ, तिच्या पायथ्याशी सावलीचा तुकडाही नव्हता. मग त्यांनी स्वतःच्या पायांकडे पाहिले आणि बराच वेळ मान वर केली नाही.

यानंतर आरती झाली, दोन भजने झाली, प्रसाद वाटला गेला. मग शिष्याने जमुनेला त्याच ओट्यावर उभे केले. एव्हाना सूर्य कलला होता. तिच्या पायांपासून पूर्वेकडे हातभर सावली पसरली. बायकांनी तोंडाला पदर लावले. महाराजांनी डोळे मिटूनच निकाल दिला, “ले जाओ.”

उन्हे उतरल्यावर वामनराव खुशालरावांच्या अंगणात आले.

“काका, जमुनेची परीक्षा महाराजांच्या वेळेला घेतली नाही. प्रसादानंतर घेतली.”

“त्यानं काय होते?”

“सगळं त्यानंच होतं.” वामनरावांनी तांब्याची घागर अंगणाच्या मधोमध ठेवली. पार्वताबाईंची टकळी मागून घेतली आणि कापसाच्या एका गोळ्यात आरपार खोचली. “ही घागर म्हणजे सूर्य. हा गोळा आपली पृथ्वी. ती अशी स्वतःभोवती फिरते, म्हणून दिवस आणि रात्र होते. सकाळची सावली पश्चिमेला आणि दुपारनंतरची पूर्वेला पडते, ती याच फिरण्यामुळे. पण पृथ्वी सरळ उभी नाही. अशी कलून आहे.”

त्यांनी टकळी तिरकी धरली, तिचे वरचे टोक फाटकाकडे रोखले आणि ते तसेच रोखलेले ठेवून घागरीभोवती फेरी घालू लागले.

“इथं आलो, की टोक सूर्याकडे झुकतं. आपल्याकडे ऊन नीट डोक्यावरून पडतं, दिवस मोठा होतो, उन्हाळा होतो. पलीकडे गेलो, की तेच टोक सूर्याकडे पाठ करतं. ऊन तिरपं पडतं आणि थंडी येते. थंडीत भर दुपारीही आपली सावली उत्तरेला लांब पडते. उन्हाळा चढेल तसा दुपारचा सूर्य एकेका गावाच्या बरोबर डोक्यावर येत उत्तरेकडे सरकतो. तो ज्या गावाच्या डोक्यावर आला, तिथल्या प्रत्येक उभ्या वस्तूची सावली त्या दुपारी पायाखाली जाते. माणसाची, खांबाची, दीपमाळेची. महाराज इथं येण्याआधी कुठे होते?”

आठ दिवसांत प्रथमच सूर्यभान बोलला. “हिंगोलीले. मंग वाशीम, मंग कारंजा. उद्या दुपारून वरूडच्या रस्त्यानं जानार म्हनतात.”

“म्हणजे सारखे उत्तरेकडे. सूर्य पुढे आणि महाराज त्याच्या मागे.”

खुशालराव मिशीवरून हात फिरवत राहिले. पार्वताबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. त्या एकदम म्हणाल्या, “मंग माही नातवंडं कोनं खाल्ली, मास्तर?”

वामनरावांनी टकळी खाली ठेवली. “ते मला ठाऊक नाही, काकू. लेकरं का दगावली, ते मला कळत नाही. महाराजांनाही कळत नाही. मी तसं सांगतो, ते सांगत नाहीत, एवढाच फरक. अमरावतीच्या दवाखान्यात विचारता येईल. पण सावलीला तोंड नाही, एवढं मला ठाऊक आहे. सूर्य एका दिवसात फारसा सरकत नाही. उद्या दुपारी पाहा आणि मग ठरवा.”

“उद्या दुपारपोतूर थांबतो,” खुशालराव म्हणाले. “तुमच्या शब्दाखातर.”

दुसऱ्या दिवशी महाराजांना निरोप द्यायला सारा गाव जमला. माथ्यावर सूर्य आला तसे ते पुन्हा ओट्यावर उभे राहिले आणि पुन्हा जयजयकार झाला. वामनराव पुढे झाले.

“महाराज, याच घटकेला जमुनेला तुमच्या शेजारी उभं राहू द्या.”

“राम राम!” शिष्य किंचाळला. “बाईची सावली महाराजांवर पडेल!”

“उरलीच नाई तं पडन कशी?” नत्थुजींनी विचारले.

कोणी काही ठरवण्याआधी जमुना स्वतःच ओट्यावर चढली. तिने लुगड्याचा काठ बोटभर उचलला, खाली पाहिले आणि सासूला हाक मारली, “आत्याबाई, पाहा.”

पायांबाहेरचा दगड चारही बाजूंनी कोरा होता.

“आता प्रत्येकाने आपापल्या पायांकडे पाहा,” वामनराव म्हणाले.

शेकडो पागोटी एकाच वेळी खाली वाकली. या गावात माणसे आपल्या पायांवर जन्मभर चालली होती, पण भर दुपारी त्यांच्याकडे पाहण्याचा प्रसंग कोणावर आला नव्हता. ज्याची त्याची सावली पागोट्याएवढी होऊन ज्याच्या त्याच्या पायांखाली गोळा झाली होती. ओट्याजवळ रवंथ करत उभ्या असलेल्या बकरीची सावली तिच्या पोटाखालून बाहेर येत नव्हती, आणि बकरीने कसलेच अनुष्ठान केले नव्हते.

महाराज कसलेले गृहस्थ होते. त्यांनी दोन्ही हात वर केले. “कृपा! कल हम पर थी, आज सारे गाँव पर!”

“मग जमुनेवरही झाली,” वामनराव म्हणाले.

महाराजांनी गर्दीकडे नजर टाकली. “हाँ,” ते म्हणाले, “उस पर भी.”

“छान झालं. मग इथूनच परत हिंगोलीला चला. गाडी माझी. तिथं पोचाल त्या दुपारी अशीच कृपा करून दाखवा.”

“जोगी पीछे नहीं मुड़ता.”

“मुडन कसा? सूर्य तिकडून निंघून गेला ना!” नत्थुजी म्हणाले, आणि या वेळी हसण्यात पहिल्या ओळीतली माणसेही होती.

सारा गाव शहाणा झाला असे मात्र नाही. अर्ध्या लोकांनी महाराजांना वाजतगाजत वरूडच्या रस्त्याला लावले. चमत्कार सर्वांवर झाला म्हणून तो खोटा कसा, हे त्यांना पटेना. त्यांच्यावर रागावून काय होणार? माणसाला दुःखाचे कारण हवे असते, आणि ते सापडले नाही तर मिळेल ते कारण तो पत्करतो. म्हणून सांगायचे ते इतकेच : ज्या कारणापायी एखाद्या माणसाला घराबाहेर काढायचे आहे, ते कारण आधी उन्हात उभे करून पाहावे. इतरांनाही त्याच वेळी, त्याच जागी उभे करावे. त्याला पोथी लागत नाही, की गुरू लागत नाही.

त्या दिवशी घरी परतल्यावर खुशालराव ओसरीवर बसून राहिले. पार्वताबाई गोठ्यात गेल्या. जमुनेची गोधडी त्यांनी झटकली, घडी घातली आणि माजघरात आपल्या अंथरुणाशेजारी नेऊन ठेवली. मग दारात येऊन त्या मुलाला म्हणाल्या, “उत्तमरावाले सांगून ये. आमच्या घरी सून हाय म्हना.”

सूर्यभानाने बापाकडे पाहिले. खुशालरावांनी मान हलवली. सूर्यभान पायात वहाणा घालून निघाला.