बिननावाचा सेट

"हात नका घालू बाई आत. गिऱ्हाईकानं टेबलाच्या अलीकडे राहायचं. आमच्याकडे नियमच आहे तो."

तिने हात मागे घेतला. पन्नास वर्षांच्या संसारानंतर नवऱ्याने 'बाई' म्हणावं, हेही आता तिच्या अंगवळणी पडलं होतं. बायको म्हणून खोलीत गेलं की ते बावरत, "कोण तुम्ही?" म्हणून अंगावर येत. पण त्यांच्या जुन्या दुकानात यायचं तसा रेडिओ घेऊन दारातून "मेकॅनिक आहेत का?" असं विचारलं, की त्यांची पाठ ताठ व्हायची, चष्मा नाकावर चढायचा. म्हणून रोज सकाळी प्रार्थना आटोपली की ती गिऱ्हाईक व्हायची. माळ्यावरचे सगळे जुने सेट असे खाली आले, आणि त्यांनी एकेक बिनचूक ओळखला.

आज शेवटचा उरला होता. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी, वीज नसलेल्या भाड्याच्या खोलीत, त्यांनी स्वतः तिच्यासाठी जुळवलेला. तबकडीवर नाव नाही, मागे कंपनीची पट्टी नाही, नंबर नाही. "नाव घाला की एखादं," ती तेव्हा म्हणाली होती.

"घरातल्याला कशाला लागतं नाव?" ते हसले होते.

चार वाजता मुलगा येणार होता. विसर पडलेल्या म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्या लांबच्या एका संस्थेत त्यांच्यासाठी खाट मिळाली होती. तीन आठवडे आई ऐकेना, तेव्हा शेवटी तोच म्हणाला होता, "बरं, बाबांनी स्वतःचा सेट ओळखला तर मी विषय काढणार नाही. पण नाही ओळखला, तर तू अडवायचं नाहीस, आई. परवा त्यांच्या हातून गॅस उघडा राहिला होता. दोघंही गेला असतात."

त्यांनी सेटच्या मागच्या फळीचे चार स्क्रू काढून वाटीत ठेवले.

"बाहेरून काय, सेट नवऱ्यांसारखेच असतात, सगळे सारखे. मागची फळी काढली की खरं कळतं."

तिला हसू आलं. दुकानात आलेल्या एकाही बाईला त्यांनी हा विनोद ऐकवल्याशिवाय सोडलं नव्हतं.

"बॅटरीचा आहे," ते म्हणाले. "ही जोडणी काचेचे व्हॉल्व्ह तापवायला, आणि ही मोठ्या बॅटरीची. पण कंपनीचा माल नाही हा. चार व्हॉल्व्ह, चार कंपन्यांचे. पत्रा तेलाच्या डब्याचा, कात्रीनं कापलाय. वायर सगळी पिवळी. बिचाऱ्याकडे एकच रीळ असणार."

"कुणी केला असेल?"

"कुणीतरी तरुण पोरगा. नवीन लग्न झालेला."

तिने खुर्ची पुढे ओढली. "ते कशावरून?"

"आवाजाचं बटण बघा. उजवीकडे असतं, यानं डावीकडे घेतलंय. म्हणजे बायको डावखुरी. जुना नवरा असता तर म्हणाला असता, फिरव उजव्या हातानं!"

तिने आपला डावा हात टेबलावर, अगदी त्यांच्या डोळ्यांसमोर ठेवला. त्यांनी तो हळूच बाजूला सारला आणि भिंग उचललं.

"तारेचं कॉइल हातानं गुंडाळलंय. वर मेणबत्तीचं मेण. आणि हे पाहा, मेण गरम असतानाच अंगठा दाबलाय, घाईघाईत. ठसा कसा स्वच्छ आलाय. मधोमध आडवा व्रण."

भिंग धरलेल्या त्यांच्या अंगठ्यावर तोच व्रण होता. पहिल्या नोकरीत पत्रा लागून झालेला.

तिला राहवलं नाही. तिने त्यांचा अंगठा धरला आणि मेणाकडे ओढला. "बसतोय का बघा. एकदाच बघा ना हो!"

"सांगितलं ना आत हात घालायचा नाही!" त्यांनी हात हिसडून घेतला. वाटी कलंडली, स्क्रू जमिनीवर घरंगळले.

ती वाकून स्क्रू गोळा करू लागली. चौथा काही सापडेना. वरून त्यांचा आवाज आला, आता मऊ, दुकानातला.

"रागावू नका, बाई. फार नाजूक काम आहे हे. हात चांगला आहे करणाऱ्याचा. माहीत असता तर मीच तुमची गाठ घालून दिली असती."

मग त्यांनी नेहमीसारखी चिठ्ठी लिहिली, ठळक अक्षरांत: 'बॅटरी सेट. करणारा: माहीत नाही.'

"बुधवारी घेऊन जा. चिठ्ठी सांभाळा, तिच्याशिवाय मी कुणालाच सेट देत नाही."

मुलगा चारला पाच मिनिटं कमी असतानाच आला. "ओळखला?"

खोटं बोलायचं नाही, असं तिने फार वर्षांपूर्वी देवापाशी कबूल केलं होतं. आज ते खोटं पार ओठांपर्यंत आलं. एकच शब्द होता. तिने ओठ मिटून चिठ्ठी पुढे केली. मुलाने ती वाचली, पुन्हा वाचली, आणि कपड्यांची पिशवी उचलली.

गाडीत बसताना ते वळले. "बुधवारी या, बाई."

"येते," ती म्हणाली.

गाडी गेल्यावर ती खोलीत आली. सेट फळी काढलेलाच पडला होता. मेणावरचा ठसा उन्हात चकाकत होता. तिने डावा हात पुढे केला. बोट पत्र्याच्या कडेपर्यंत गेलं आणि थांबलं.

तिने हात मागे घेतला, आणि गिऱ्हाईकाच्या खुर्चीवर, टेबलाच्या अलीकडे, चिठ्ठी मुठीत धरून बसून राहिली.