टिटवीचं घरटं सरकवलं तेव्हा

मी दुर्बीण. नगरच्या एका चष्म्याच्या दुकानात तीन वर्षं काचेआड पडून होते. कोर्टातल्या नोकरीतून निवृत्त झालेल्या आप्पासाहेबांनी मला घरी नेलं आणि माझं खरं काम सुरू झालं.

दर रविवारी आम्ही एसटीने देवळाली प्रवराला यायचो. उसाचे मळे संपले की नदीकाठी राखीव कुरण लागतं. पाणी वाढलं की ते तिथेच पसरतं, म्हणून तिथे नुसतं गवत. राखण लंकाबाईंकडे. त्या लांबचा पक्षीही नुसत्या डोळ्यांनी ओळखायच्या. मला जरा रागच यायचा.

गेल्या मे महिन्यात एका सकाळी आप्पासाहेबांना माझ्यातून टिटवी दिसली. काठालगतच्या खड्यांत चार अंड्यांवर बसलेली. ते हरखले. लंकाबाईंचा चेहरा मात्र उतरला.

“आप्पा, सांच्याला धरणाचं पानी येनार हाय. ही जागा बुडती.”

“मग अंडी उचलून वर ठेवू.”

“तसं न्हाई चालायचं. एकदम लांब नेली तर तिला घावायची न्हाईत. दोन पावलं सरकवायची, ती बसली का बगायचं, मग परत दोन पावलं.”

लंकाबाईंनी थोडं वर खळगा केला, तेच खडे मांडले, अंडी ठेवली आणि दोघं लांब बाभळीखाली येऊन बसले. खड्यांच्या रंगात पक्षी मिसळून जायचा. इथे मात्र लंकाबाईंचे डोळे पुरेनात.

“बसली का?”

“नाही. चालत येतेय... थांबली... बसली!”

असं सहा वेळा झालं. सातव्यांदा टिटवी ओरडत उडाली ती परतलीच नाही. ऊन अंड्यांवर तापत होतं. आप्पासाहेबांच्या घामाने माझ्या काचा धूसर झाल्या.

“माझ्यामुळंच झालं,” म्हणत लंकाबाई उठल्या. “हुती तिथं ठेवते.”

“पाच मिनिटं थांबा, लंकाबाई.”

मग गवतातून दुसरी टिटवी आली. तिचा जोडीदार. अंडी गार राहावीत म्हणून पोटाची पिसं भिजवून आला होता. अंड्यांवर अलगद बसला. आप्पासाहेबांनी लंकाबाईंना हाताने खाली बसायची खूण केली.

दुपार टळेपर्यंत घरटं चढावर पोचलं. संध्याकाळी पाणी आलं, सकाळची जागा बुडाली आणि घरट्याच्या चार पावलं खाली पाणी थांबलं. पंधरा दिवसांनी तीन पिल्लं गवतात पळताना मी पाहिली. एका अंड्यातून पिल्लू निघालंच नाही.

आता आप्पासाहेबांचे गुडघे साथ देत नाहीत. त्यांनी मला इथे, कुरणाच्या फाटकाजवळच्या खोलीत ठेवलंय. ओलीने उजव्या काचेवर डाग पडलाय, तरी काम भागतं. पाहुणे येतात, मला गळ्यात घालून फिरतात.

तुम्हीही या. फक्त उन्हाळ्यात पायवाट सोडू नका. मला लांबचं दिसतं. तुमच्या बुटापुढचं अंडं मला दिसत नाही, ते तुम्हालाच बघावं लागेल.