माझ्या देजाच्या गाई

आमच्या जिल्ह्यात माणसं कमी आणि गुरं जास्त. हे मी नाही म्हणत, मोजणीला आलेला सरकारी माणूस म्हणाला. पूर्वेला सगळा खडक, पश्चिमेला सखल गवताळ जमीन, मधे कापूस आणि ज्वारी. पाऊस तर इतका लहरी की या टेकडीवर पडला म्हणून त्या टेकडीवर पडेल असं नाही. म्हणून शहाणा माणूस सगळी गुरं एका गोठ्यात ठेवत नाही, चार गावांत चार ओळखीच्यांकडे सांभाळायला देतो. सांभाळणाऱ्याने दूध प्यायचं, शेण शेतात टाकायचं, आणि कोणाची गुरं कुठे आहेत हे दोघांनीही बाहेर बोलायचं नाही. आम्हा सुकुमा लोकांची ही पद्धत पणजोबांच्याही आधीपासूनची आहे.

त्या सरकारी माणसाने नुसते गोठे पाहिले. माझे बाबा, लुगेम्बे, गावात सगळ्यात श्रीमंत ठरले. खडकांपाशी राहणारे, टायरच्या चपला घालून रताळी पिकवणारे लुहेंदेकाका यांच्याकडे एकही गाय निघाली नाही. त्या दिवसापासून आईचे पाय जमिनीला लागेनात. नदीच्या वाळूतल्या झऱ्यावरसुद्धा तिची घागर आधी भरली पाहिजे! आणि माझं मन बसलं होतं ते नेमकं लुहेंदेकाकांच्या मुलावर, शिजावर.

माझं देज, म्हणजे मुलाकडून आमच्या घरी किती गाई यायच्या ते, ठरवायला लुहेंदेकाका आले, तेव्हा आमच्या अंगणात चिंचेखाली निम्मं गाव जमलं होतं. मध्यस्थ म्हणून माझे मामा, बुजिकू, बसले होते. अशा बैठकीत बायकांनी बोलायचं नसतं, पण आईला कोण थांबवणार?

“पंधरा गाई,” ती घरातूनच ओरडली. “आणि सगळ्या दुभत्या!”

“ताई, जरा दमाने घे,” मामा म्हणाले. “समोरचा माणूस बघून माग.”

“माणूस बघूनच मागतेय. काय हो लुहेंदे, घरात दावी तरी आहेत का? की रताळ्याच्या वेलांनी बांधून आणणार गाई?”

सगळे खो खो हसले. धरणीने मला पोटात घ्यावं असं झालं. लुहेंदेकाकाही हसले.

“वेल मजबूत असतात आमचे,” ते म्हणाले. “पंधरा तर पंधरा.”

बाबा उठले आणि घरामागे निघून गेले. त्यांना आईची लाज वाटली असेल असं मी धरून चालले, कारण मला तर शिजाकडे बघवत नव्हतं.

गाई यायच्या दिवशी आई पेटीतलं नवं कापड नेसली. मुलाकडच्या गाई फाटकातून आत शिरताना मुलीच्या आईने किलकारी द्यायची असते, आणि आमच्या आईचा आवाज तर तीन टेकड्यांपलीकडे जातो. ती सकाळपासून घसा खाकरत होती.

लुहेंदेकाका आले, शिजा आला, सोबत दोन म्हातारे आले. गाई नव्हत्या. काकांच्या हातात नुसती काठी होती.

“गाई मागून येतायत वाटतं?” आई म्हणाली. “की पुढच्या पावसात?”

काकांनी बाबांकडे पाहिलं. बाबा जमिनीकडे बघत राहिले. काका वाट बघत तसेच उभे होते, मग म्हणाले, “नाही जमलं. कापूस विकला की आणतो.”

“नाही जमलं म्हणजे? मग पंधराला हो कशाला म्हणालात? सोयरीक मोडली! ऐकलंत ना सगळ्यांनी? मिलेम्बे, तू घरात हो आधी!”

मी दारातून हलले नाही. शिजा काहीतरी बोलायला पुढे झाला, पण काकांनी त्याचा दंड धरला. “चल,” म्हणाले आणि वळले. मला हुंदका आवरेना. बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

“लुहेंदे, थांब,” बाबा म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. ते गोठ्याकडे गेले, फाटकातली काटेरी फांदी ओढून बाजूला केली आणि दुभत्या गाई निवडून बाहेर काढू लागले.

“अहो, डोकं फिरलं का तुमचं? आपल्या गाई कुठे काढताय?”

“यातली एकही आपली नाही,” बाबा म्हणाले. “ही मिलेम्बे रांगत होती तेव्हाचा दुष्काळ आठवतो ना? मी पश्चिमेला नेलेली आपली सगळी गुरं वाटेतच मेली. रिकाम्या हाताने घरी यायची लाज वाटली. याने स्वतःची गुरं माझ्याकडे सांभाळायला दिली. परवा मागायला आला, तर म्हणालो की आज पहाटे याच्या अंगणात पोचवतो. गोठा रिकामा दिसला की तू विचारशील, म्हणून नाही पोचवल्या.”

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

काकांनी गाई चिंचेला वळसा घालून फाटकापाशी आणल्या आणि ते थांबले. आईने तोंड उघडलं, पण आवाज निघाला नाही. तिच्याआधी किलकारी द्यायची दुसऱ्या कोणा बाईची छाती झाली नाही. गाई मात्र कोणासाठी थांबल्या नाहीत. आपल्या आपण आत गेल्या आणि रोजच्या जागेवर जाऊन रवंथ करू लागल्या. बाबांनी टोपी काढून तोंडापुढे धरली.

व्याह्याला दूध तर द्यावंच लागतं. आई वाळक्या भोपळ्याच्या भांड्यातून दूध घेऊन आली आणि आमच्या रीतीप्रमाणे काकांपुढे गुडघे टेकून बसली. नवं कापड शेणात बुडालं, ते तिच्या ध्यानातही आलं नाही.

काका निम्मं दूध प्यायले आणि भोपळा तिच्या हातात परत दिला. “उरलेलं तुम्ही घ्या, विहीणबाई,” ते अगदी मायेने म्हणाले. “आजपासून हे दूध तुमचं.”

आईने भोपळा घेतला, पण तोंडाला लावला नाही. पलीकडून शिजा माझ्याकडे बघत होता. लग्न ठरलं होतं आणि माझी मान वर होत नव्हती. मी त्यांच्याच घरच्या दुधावर वाढले होते, आणि तो मात्र रताळी खाऊन.