धाकटीचं पित्ताशय

धाकटीच्या पोटातल्या कळा खऱ्या होत्या. सोनोग्राफीत खडेही स्पष्ट दिसत होते. अडचण एवढीच, की विम्याच्या नोंदीप्रमाणे तिचं पित्ताशय चार वर्षांपूर्वी याच हॉस्पिटलात काढलेलं होतं.

"काढलेलं पित्ताशय परत उगवत नाही, मावशी," विम्याच्या खिडकीतली मुलगी म्हणाली. "मंजुरी कशी मिळणार?"

धाकटीने मागच्या बाकावर बसलेल्या थोरल्या बहिणीकडे पाहिलं. तेव्हा कळा थोरलीला येत होत्या आणि विमा होता धाकटीला, लॉन्ड्रीतल्या नोकरीमुळे. दोघींचा तोंडवळा सारखा, वयातही फार अंतर नाही. घरातली छत्री द्यावी तसं धाकटीने आपलं कार्ड तिला दिलं होतं. त्यात काही वावगं आहे असं दोघींच्याही मनात आलं नव्हतं.

"तायडे, तू तोंड उघडू नकोस," धाकटी पुटपुटली.

"मग काय, खडे घेऊन फिरणार आहेस?" थोरली उठून खिडकीशी आली. "ते माझं काढलं होतं. व्रण दाखवू का?"

"इथे नको!" मुलगी घाईने म्हणाली. "पण तुमचं स्वतःचं कार्ड का नाही वापरलं?"

"ऑफिसं झाडणारीला कुठलं आलंय कार्ड?"

मुलीने तिच्या कंत्राटदाराचं नाव विचारून कॉम्प्युटरवर शोधलं. थोरलीचा विमा सात वर्षं चालू होता. एकदाही वापरलेला नव्हता.

"पगारातून कापतात ते हेच होय? मला वाटलं, गणवेशाचे."

"विचारायचं नाही का?"

"विचारणारीला दुसऱ्या दिवशी कामावर घेत नाहीत, बाळा."

कळा येत असतानाही धाकटीचं डोकं चालत होतं. "म्हणजे नोंदीत तायडीचं पित्ताशय अजून शाबूत आहे! मग माझं तिच्या नावावर..."

"मावशी, मी इथेच बसलेय," मुलगी म्हणाली.

थोरलीने धाकटीला कोपराने ढोसलं. "पुरे झाली अदलाबदल. उद्या माझं हृदय बिघडलं तर औषधं तुला देतील."

तिने तिथेच जबाब लिहून दिला. धाकटीचं पित्ताशय जागेवर असल्याचं पत्र डॉक्टरांनी जोडलं. पुढच्या आठवड्यात ऑपरेशनला मंजुरी आली, आणि पाठोपाठ थोरलीला चौकशीचं बोलावणं.

"तरी सांगत होते, गप्प बस म्हणून," ऑपरेशननंतर खाटेवर पडल्या पडल्या धाकटी म्हणाली.

"जाऊन येते की," थोरली म्हणाली. "आपल्याला आणखी काय काय लागू आहे, तेही विचारून येते."