हात वर असेपर्यंत

मित्रांनो, माझ्या उजव्या कडेवरचं पॉलिश उडालेलं दिसतंय ना? ते एका माणसाच्या कोपराने घासून घासून गेलं आहे. मी अर्थशास्त्र विभागातला जुना पोडियम. सुताराने मला घाईघाईत जुळवलं, त्यामुळे माझा एक पाय जन्मापासून आखूड. कोणी टेकलं की मी कुरकुरतो. तो माणूस म्हणजे आमचे सर, ते मात्र बिनधास्त टेकायचे आणि "हा निदान बोलतो तरी," असं म्हणून वर्गाला चिडवायचे.

कारण वर्ग बोलत नसे. मुलं पेपरात पानंच्या पानं भरायची, पण महागाई का वाढते ते घरी आजीला सांगा म्हटलं, की मिठाची गुळणी धरून बसायची. समजलं का विचारलं, की सगळ्या माना डोलायच्या. त्या डोलणाऱ्या मानांचा सरांना भारी राग.

त्यांच्या घरची रीत वेगळी होती. नवा धडा ते आधी आपल्या पत्नीला समजावून सांगत. मुलं त्यांना काकू म्हणत. काकू अर्थशास्त्र कधी शिकल्या नव्हत्या. कळेनासं झालं की त्या हात वर करत. हात खाली येईपर्यंत सरांनी तेच वेगळ्या शब्दांत सांगायचं, मध्येच उठून जायचं नाही.

सरांच्या मनाने घेतलं, की पदवीसाठी हीच तोंडी परीक्षा हवी. प्रत्येकाने माझ्यापाशी उभं राहून अर्थशास्त्र न शिकलेल्या एका माणसाला आपला विषय समजावायचा, आणि न कळल्यास त्या माणसाने हात वर करायचा. विभागाच्या बैठका माझ्याच खोलीत होत. सर घसा फोडून सांगत. बाकीचे प्राध्यापक मान डोलावत, चहा पीत आणि पुढच्या बैठकीत बघू म्हणत. पुढची बैठक, मग तिच्याही पुढची. त्या चहाच्या कपांचा मला अजून राग येतो.

तोवर सरांचा आवाज बसला होता. एकदा काकू त्यांचा डबा घेऊन आल्या आणि दाराशीच म्हणाल्या, "आधी घसा दाखवून या. तुमचा नियम कुठे पळून जात नाही."

सरांनी मान डोलावली आणि पुन्हा बैठकीच्या कागदांत डोकं घातलं.

एक गोष्ट निवडली की जी दुसरी सोडावी लागते तीच पहिलीची किंमत, हा धडा ते दर वर्षी मला टेकून शिकवत. त्याच माणसाचा स्वतःचा हिशेब मात्र चुकला. नियम मंजूर झाला तेव्हा घशातली गाठ फार वाढली होती. शस्त्रक्रियेत स्वरयंत्रच काढावं लागलं. जीव तेवढा वाचला.

पहिल्या परीक्षेला सर गळ्याभोवती रुमाल बांधून आले. ऐकणाऱ्याच्या खुर्चीत काकू होत्या. एका लाजऱ्या मुलीने मला घट्ट धरून बोलायला सुरुवात केली. थोड्याच वेळात काकूंचा हात वर गेला. मुलगी अडखळली, घरातल्या किराण्याचं उदाहरण घेऊन पुन्हा सांगू लागली आणि हात खाली आला. सरांचे डोळे भरून आले.

परीक्षा संपल्यावर ते उठून माझ्याजवळ आले. कोपर टेकवलं. मुलांना काहीतरी सांगायचं होतं. ओठ हलले, पण आवाज आला तो फक्त माझ्या पायाचा. सवयीने काही माना डोलल्या. सर वळून निघणार, इतक्यात काकूंनी हात वर केला.

सर थांबले. पुन्हा ओठ हलवू लागले, आधीपेक्षा सावकाश. काकूंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि हात काही खाली येईना.

आता सर नाहीत. माझा पाय कोणीतरी नीट करून दिला, त्यामुळे मी कुरकुरतही नाही. मला ते मुळीच आवडलेलं नाही. मित्रांनो, घरातलं माणूस काही सांगत असेल, तर मान डोलावून मोकळे होऊ नका. आवाज आहे तोवर विचारून घ्या. काकू अजूनही दर परीक्षेला येतात, आणि सगळं संपून खोली रिकामी झाली, की माझ्याकडे बघत क्षणभर हात वर करतात.