केवळ लोगनबेरीची

लव्हॉन स्टकीने माझ्या हाताखाली तीन महिने काम केलं आणि त्यानंतर मी तिच्या हाताखाली तीन वर्षं. माझ्या पोटात काय दुखत होतं, ते एवढ्यावरून कळायला हरकत नाही. ज्याला कळत नसेल त्याने बावीस वर्षं दुसऱ्याच्या तळघरात पिंपं धुवून बघावीत.

तळघर म्हाताऱ्या ऑरिन स्टकीचं. ऑरेगनमध्ये, सेलमपासून गाडीने अर्ध्या तासावर, तीस एकर लोगनबेरी आणि घराच्या मागे तिची वाईन करायची जागा. लोगनबेरी दिसायला लालभडक आणि तोंडात टाकली की डोळे आपोआप मिटतील इतकी आंबट. तिचा नुसता रस आंबवला तर ती वाईन कुणाच्या घशाखाली उतरणार नाही. म्हणून त्यात पाणी आणि साखर घालायची. आणि पाणी-साखर म्हटलं की सरकार आलंच. साध्या फळाच्या वाईनमध्ये शंभरातले पस्तीस भाग साखरपाणी चालतं, त्यावर एक थेंब नाही. लोगनबेरीला मात्र आंबटपणा मोजून दाखवला तर साठ भागांपर्यंत सूट. म्हणजे तेवढ्याच फळातून दीडपटीहून जास्त वाईन, आणि तीही पिण्यासारखी.

ऑरिनने जन्मभर पस्तीसच भाग घातले. साठचा नाद करायचा तर काचेच्या नळ्या घेऊन रसाचा आंबटपणा मोजत बसावं लागतं, आणि म्हाताऱ्याचा काचेच्या नळ्यांवर विश्वास नव्हता. "माझी जीभ काय भाड्याने दिलीय का?" असं तो म्हणायचा. त्याची वाईन घसा खरवडत जायची. जुनी गिऱ्हाइकं सवयीने प्यायची आणि एकेक करून मरायची.

लव्हॉनला त्याचा मुलगा डेल याने सेलमच्या फळं डबाबंद करायच्या कारखान्यातून लग्न करून आणलं होतं. पोरगी हुशार. मला हे म्हणताना आजही बरं वाटत नाही, पण होतीच हुशार. सरकारी नियमांचं पुस्तक स्वयंपाकघराच्या टेबलावर उघडून, हातात पेन्सिल घेऊन वाचायची. विरघळलेली साखरसुद्धा जागा व्यापते, तीही मापात धरायची असते, हे मला बावीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. तिने ते पहिल्याच हिवाळ्यात शोधून काढलं. मग एकदा तोडणीवाल्यांच्या देखत तिने मला म्हटलं, "मर्ल, या पिंपाला वास येतोय हो. पुन्हा धुवाल का?" अगदी गोड आवाजात म्हटलं. मी पुन्हा धुतलं. तिने शिवी दिली असती तर मी विसरून गेलो असतो.

डेल लाकडं वाहणाऱ्या ट्रकखाली येऊन मेला आणि सून आणि सासरा दोघंच त्या घरात उरले. ऑरिनला ती नजरेसमोर नको होती. तिच्या जेवणावर जगत होता आणि तिलाच टोचून बोलत होता. चौसष्टच्या उन्हाळ्यात, रविवारच्या जेवणाला, माझ्या देखत तो म्हणाला, "सूनबाई, फार नियम सांगतेस ना? घाल तुझं साठ. सरकारी माणसाने वाईन पास केली तर वाईनचा परवाना तुझ्या नावावर करतो. नाही केली तर नाताळाच्या आत घर सोडायचं."

"आणि तुम्ही शब्द फिरवला तर?" तिने विचारलं.

"मर्ल्या ऐकतोय ना. साक्षीदार."

लव्हॉनने माझ्याकडे बघून हसून शेंगांची वाटी पुढे केली. "मर्ल असले की मला काळजी नाही," ती म्हणाली. दर रविवारी ती मला घरात जेवायला बोलवायची. ती यायच्या आधी माझं ताट मागच्या पायरीवर असायचं.

दुसऱ्या दिवशी ऑरिनने मला कोठारात गाठलं. "ती चुकली तर तळघराची किल्ली तुझ्याकडे. वरची खोलीही. त्या पत्र्याच्या शेडमध्ये किती दिवस कुडकुडणार आहेस?"

"ती चुकायची नाही," मी म्हणालो.

"माणूस आहे. चुकेल. तू फक्त डोळे उघडे ठेव."

मी डोळे उघडे ठेवले, तोंड बंद ठेवलं. माझा गुन्हा विचाराल तर एवढाच.

स्टकींच्या मळ्यात एक रीत होती. तोडणीच्या शेवटच्या दिवशी सगळे तोडणीवाले, हात कोपरापर्यंत जांभळे झालेले, तळघरात जमायचे आणि घरातला वडीलधारा मोठ्या टाकीत शेवटची बादली ओतायचा. ती बादली लोगनबेरीची नसायची. कुंपणाला लागून वाढलेल्या रानटी ब्लॅकबेरींची असायची. ऑरिनच्या बापाला पहिल्या वर्षी फळ कमी पडलं होतं आणि त्याने कुंपणावरची ब्लॅकबेरी ओरबाडून टाकी भरली होती, त्याची ही आठवण. बादली ओतली की टाळ्या, मग सगळ्यांना केक आणि कॉफी. ही रीत इतकी जुनी होती की त्या ब्लॅकबेरीला फळ म्हणून कुणी मोजतच नव्हतं.

त्या वर्षी ऑरिन खाली यायला तयार नव्हता. लव्हॉनच वर गेली, त्याचा हात धरून त्याला पायऱ्या उतरवत घेऊन आली. "बाबा, तुमच्याशिवाय कोण ओतणार? तुमचा मान आहे," असं म्हणत तिने बादली स्वतः त्याच्या हातात दिली. म्हाताऱ्याने ओतली. ब्लॅकबेरी लाल रसात बुडाल्या. टाळ्या वाजल्या, आणि सगळ्यात जोरात लव्हॉन वाजवत होती. दोन वर्षांत तिला इतकं खुश मी पाहिलं नव्हतं.

आणि मी टाळ्या वाजवता वाजवता थांबलो. वसंतात तिचा चष्मा फुटला होता, तेव्हा नियमांचं पुस्तक आठवडाभर मीच तिला वाचून दाखवलं होतं. साठ भागांच्या सवलतीचं वाक्य माझ्या तोंडून गेलं होतं: वाईन केवळ लोगनबेरीची असेल तर. दुसरं फळ पडलं की झाली मिश्र फळांची वाईन, आणि तिला पस्तीसच. एक बादली की शंभर, पुस्तकाला फरक पडत नाही. इतकी वर्षं ही रीत खपून गेली, कारण म्हातारा पस्तीसच घालत होता.

साखरपाणी दुसऱ्या दिवशी दुपारी घालायचं होतं. मी तेव्हा बोललो असतो तर ती पस्तीसवर थांबली असती आणि वाईन आंबट पण नियमात बसणारी झाली असती. माझ्याकडे एक अख्खी संध्याकाळ होती, सकाळ होती. मी साखरेची पोती फोडली, तिने सांगितलं तितकी ओतली, आणि लाकडाच्या वल्ह्याने ढवळत राहिलो. तिने तीनदा मापून घेतलं. माप अगदी बरोबर होतं.

ऑक्टोबरात वाईन निवळली. खोटं कशाला बोलू, तशी वाईन त्या तळघरात कधी झाली नव्हती. म्हाताऱ्याने एक घोट घेतला आणि मग पेला रिकामा करून ठेवला.

सरकारी माणूस यायच्या आदल्या दिवशी सकाळी लव्हॉन माझ्या शेडच्या दारात आली. हातात उद्या सही करून द्यायचा सरकारी छापील कागद होता. चेहरा पांढराफटक.

"मर्ल, यात लिहिलंय केवळ लोगनबेरीची."

"मग?"

"ती बादली! मीच दिली हो त्यांच्या हातात. माझ्या डोक्यातच आलं नाही. कसं नाही आलं?" ती पायरीवर बसली. "सांगून टाकते उद्या. जे व्हायचं ते होऊ दे."

आता इथे मला एक सांगायलाच हवं. एक्कावन्न साली ऑरिन पाण्याचा नळ चालू ठेवून झोपला होता आणि एका टाकीत जास्तीचं पाणी गेलं होतं. सरकारी माणूस आल्यावर त्याने दारातच सांगून टाकलं. त्या माणसाने लिहून घेतलं, त्या टाकीच्या बाटल्यांवर वेगळं लेबल लावायला सांगितलं, कॉफी प्यायला आणि गेला. परवान्याला ओरखडा नाही. तिथे मी हजर होतो. टाकी दाखवायला त्याच्याबरोबर मीच गेलो होतो.

मी लव्हॉनच्या शेजारी बसलो. "वेडी का गं तू?" मी म्हणालो. "एक बादली. एवढ्या टाकीत. कुणाला चव लागणारे? सांगितलंस तर सगळी वाईन गटारात ओतायला लावतील. मग म्हाताऱ्याच्या मनासारखंच झालं की."

"पण सही करायची आहे, मर्ल."

"मग कर. मी पण करणारच आहे ना खाली."

तिने माझा हात धरला. माझ्या अंगठ्याला मागच्या वर्षी पिंपाची पट्टी लागून जखम झाली होती, ती तिनेच बांधली होती. त्या व्रणावर तिचा हात होता. "तुम्ही नसतात तर माझं काय झालं असतं?" ती म्हणाली आणि डोळे पुसत घरात गेली. माझ्या मनात कालवाकालव झाली का? झाली. न्याहारीपर्यंत टिकली.

सरकारी माणसाचं नाव व्हिटकोम. पातळ केसांचा, सर्दी झालेला, घाईतला माणूस. त्याने आंबटपणाची नोंद पाहिली, साखरेच्या पोत्यांचा आकडा पाहिला, नळीत वाईन घेऊन पाहिली. "बाई, काम स्वच्छ आहे तुमचं," तो म्हणाला. ऑरिन कोपऱ्यातल्या खुर्चीवर काठीवर हनुवटी टेकून बसला होता. व्हिटकोमने कागद पिंपावर ठेवला आणि वाचून दाखवला.

"ही वाईन केवळ लोगनबेरीपासून केली आहे. बरोबर?"

लव्हॉनने माझ्याकडे पाहिलं. मी होकारार्थी मान हलवली. अगदी थोडी, तिलाच दिसेल एवढी.

"बरोबर," ती म्हणाली, आणि तिने सही केली.

"तळघरातल्या माणसाची साक्षीची सही इथे," म्हणत व्हिटकोमने पेन माझ्यापुढे धरलं.

मी पेन घेतलं. कागदापर्यंत नेलं. मग खाली ठेवलं.

"काय झालं?"

"मला नाही करता येणार, साहेब."

"का?"

"ते बाईंनाच विचारा," मी म्हणालो.

व्हिटकोमने नाक पुसलं, लव्हॉनकडे पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते वाचायला पुस्तक लागत नव्हतं. तिने सगळं सांगितलं. रडली नाही. बादली, रीत, साठ भाग. सासऱ्याचं नाव घेतलं नाही. "बादली मी दिली," एवढंच म्हणाली. माझ्या सल्ल्याबद्दल तर अक्षर नाही. कोपऱ्यातून ऑरिन हसायला लागला, खोकला येईपर्यंत हसला. "नियमाचं पुस्तक पाठ होतं म्हणे! घ्या आता!"

व्हिटकोमला हसू आलं नाही. "बाई, दहा मिनिटांपूर्वी सांगितलं असतंत तर काहीच नव्हतं," तो म्हणाला. "वेगळं लेबल लावलं असतं. दर वर्षी दोघं-तिघं असं घेऊन येतात माझ्याकडे. आता खोटी सही आहे. ही मला सोडता येत नाही." मग सही झालेल्या कागदाची घडी घालता घालता म्हणाला, "तुमच्या नावावर आता परवाना मिळणार नाही. कुठेच नाही. तुम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं का?"

लव्हॉनने नकारार्थी मान हलवली. तेव्हाही तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

टाकी ओतायचा हुकूम आला तो महिन्याभराने. तोटी मी उघडली. अख्खी सकाळ वाईन चरातून ओढ्याकडे जात होती. इतकी चांगली वाईन जाताना बघून मला वाईट वाटलं, वाईनचं.

ती नोव्हेंबरात गेली. पोर्टलंडला एका बेकरीत तिला काम मिळालं होतं. तिची ट्रंक मी गाडीत ठेवली, कारण ठेवायला दुसरं कुणी नव्हतं. म्हातारा खिडकीतही आला नाही. तळघराची किल्ली तोवर माझ्या खिशात आली होती आणि चालताना ती मांडीला टोचत होती. मला वाटलं, आता ही बोलेल. मी उत्तरं तयार ठेवली होती. दोन रात्री जागून ठेवली होती.

ती गाडीत बसली, काच खाली केली आणि म्हणाली, "मर्ल, मला माफ करा."

"तुला? कशासाठी?"

"तुम्ही मला वाचवायला निघालात. आणि खोटी सही करायची वेळ आली तेव्हा तुमच्यासारख्या माणसाला ते जमलं नाही. कसं जमणार? मी तुम्हाला त्यात ओढायला नको होतं." तिने खिडकीतून हात बाहेर काढून माझ्या हातावर ठेवला. "मनाला लावून घेऊ नका. तुम्ही या घरातले एकटे भले होतात."

मी खरं काय ते सांगू शकलो असतो. इंजिन अजून सुरू व्हायचं होतं.

"नाही लावून घेत," मी म्हणालो. "जा आता, रस्त्यात अंधार होईल."